विहिरीची जाळी, टाकीचे झाकण आणि ऑनलाइन मिळणारे गजर: लहान मुलांच्या घरासाठी घेतलेल्या सामानाचे परीक्षण

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात एक विहीर आहे, अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, न्हाणीघरात दोन पिंपे आणि चार-पाच बादल्या कायम भरलेल्या असतात, आणि गेल्या वर्षापासून या सगळ्यांच्या मधून फिरणारी दोन नातवंडेही आहेत. धाकटी नुकती चालू लागलेली, थोरला चार वर्षांचा. त्यांच्यासाठी आम्ही जे सामान करून घेतले किंवा विकत आणले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय कपाटात जाऊन पडले, याचे हे परीक्षण आहे. विहिरीची जाळी आणि टाकीचे झाकण फोंड्याच्या एका फॅब्रिकेशन करणाऱ्या मेस्ताकडून, म्हणजे कारागिराकडून, करून घेतले. बाकीच्या वस्तू काही ऑनलाइन आणि काही म्हापशाच्या बाजारातून आणल्या. प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावली: घरातले माणूस घाईत असेल, विसरले असेल किंवा त्या क्षणी तिथे नसेल, तरी ही वस्तू आपले काम करते का? या कसोटीवर निम्मे सामान नापास झाले आणि नापास झालेले बहुतेक सामान दिसायला अधिक आकर्षक होते.

गोव्यात बुडण्याचा विषय निघाला की बोलणे समुद्राकडे वळते. किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक नेमलेले आहेत, लाल झेंडे असतात, पावसाळ्यात समुद्रात न उतरण्याच्या सूचना दरवर्षी निघतात. हे सगळे योग्यच आहे, पण दीड वर्षांचे मूल एकटे कळंगुटला जात नाही. ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने परसात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या वयाच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर ते डोक्यावर उलटे होते आणि हातांच्या जोराने स्वतःला बाहेर ओढून घेण्याइतकी ताकद त्याच्यात नसते, त्यामुळे तळाशी चार-पाच सेंटिमीटर पाणी असले तरी ते पुरते. शिवाय बुडणारे लहान मूल ओरडत नाही. नाक-तोंड पाण्याखाली गेले की आवाज काढायला श्वासच उरत नाही, म्हणून "काही झाले तर आवाज येईलच" या भरवशावर शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मोठ्यांना काहीही ऐकू येत नाही. याच संघटनेने बुडणे टाळण्यासाठी जे उपाय सुचवले आहेत, त्यांत पाण्यापर्यंतची वाट अडवणे हा एक मुख्य उपाय आहे, आणि खरेदी करताना आम्ही तोच धरून चाललो.

सर्वांत मोठा खर्च विहिरीवर झाला आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. आमची विहीर चिऱ्यांनी बांधलेली, सुमारे अडीच मीटर रुंद आणि कठडा जेमतेम गुडघ्याच्या वर येणारा आहे. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जुलैमध्ये पाणी इतके वर येते की कठड्यावरून वाकले तर हात पोहोचेल असे वाटते. त्यातून कठड्याला लागून धुणे आपटण्याचा मोठा दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथेच आहे आणि कोणाला त्यात काही गैर दिसले नव्हते. लहान मुलासाठी मात्र ती कठड्यावर चढण्याची पायरीच आहे. घरगुती पोहण्याच्या तलावांच्या कुंपणाविषयी ऑस्ट्रेलियात जे निकष आहेत, त्यांत कुंपणाची उंची किमान १२० सेंटिमीटर, दोन गजांमधील फट १० सेंटिमीटरहून कमी आणि कुंपणाच्या ९० सेंटिमीटर परिसरात पाय ठेवून चढता येईल अशी कोणतीही वस्तू नसावी, असे सांगितले आहे. विहिरीला तो नियम लागू नसला तरी विचार तोच आहे. दगड हलवायचा की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. शेवटी दगड राहिला, पण कठड्याची उंची वाढवण्याचा विचार सोडून विहिरीचे तोंडच बंद करायचे ठरले, कारण उंच कठड्यावर मूल चढू शकते, बंद तोंडातून पडू शकत नाही.

इथे एक इशारा आधीच देते. पालापाचोळा आत पडू नये म्हणून आपल्याकडे अनेक घरी विहिरीवर हिरवी शेडनेट किंवा नायलॉनची जाळी बांधतात. पानांसाठी ती ठीक आहे, मुलांसाठी मात्र ती उघड्या विहिरीपेक्षा वाईट आहे. ती पाणी झाकते, त्यामुळे मुलाला तिथे खोली आहे हे कळतच नाही, आणि भार पडला की दोऱ्या सुटून ती मुलासकट आत जाते व त्याच्या हातापायांना गुंडाळते. दुकानात "विहिरीची जाळी" मागितली तर पुष्कळदा हीच दाखवतात. ती हवी असेल तर लोखंडी जाळीच्या खालच्या बाजूने बांधावी. लोखंडी जाळीच्या जागी बांधू नये.

मेस्ताने सुरुवातीला सुचवलेली जाळी साधी होती: कडेने अँगलची चौकट, त्यावर वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या तारांची जाळी, वर चंदेरी रंग. आम्ही तीन गोष्टी बदलून घेतल्या. पहिली म्हणजे जाळीची वीण ५० मिलिमीटरची घेतली, त्यामुळे मुलाचा पाय त्यात अडकत नाही आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत सोडलेल्या गप्पी माशांना उजेड-हवा मिळते. दुसरी म्हणजे वेल्डमेशच्या खाली चौकोनी सळ्यांचा आधार दिला, जेणेकरून मोठे माणूस जाळीवर उभे राहिले तरी ती वाकू नये. मुले चढतील हे गृहीत धरले की गाळ उपसायला येणारे गडीही चढतील हेही धरावे लागते. तिसरी म्हणजे संपूर्ण जाळी दोन अर्धवर्तुळाकार भागांत करून घेतली. मे महिन्यात विहीर साफ करताना अख्खी जाळी उचलायला सहा माणसे लागली असती. आता अर्धा भाग दोघांना उचलता येतो, एकट्याला येत नाही, आणि मला नेमके तेच हवे होते. दोन्ही भागांना कुलपे आहेत आणि किल्ल्या घरात देवघराच्या बाजूला उंचावर टांगलेल्या असतात.

आता ज्या भागामुळे हे काम मला विशेष आवडले, तो भाग म्हणजे बादली काढण्याचा झरोका. पंप असला तरी पावसाळ्यात वीज गेली की दोराने पाणी काढावे लागते, म्हणून जाळीत एक चौकोनी झाकण ठेवणे भाग होते, आणि अशा झाकणांचे सर्वत्र जे होते ते मी इतरांच्या घरी पाहिलेले आहे: कोणीतरी पाणी काढते, झाकण मागे उलटे टाकलेले राहते, आणि संध्याकाळपर्यंत ते तसेच असते. आम्ही मेस्ताला सांगितले की झाकण काटकोनापर्यंत उघडताच कामा नये. त्याने बिजागरीच्या मागे सळीचा एक छोटा अडसर वेल्ड केला, त्यामुळे झाकण साधारण सत्तर अंशांवर थांबते आणि हात सोडला की स्वतःच्या वजनाने खाली येऊन स्प्रिंगच्या बोल्टमध्ये अडकते. दोर जाण्यासाठी झाकणाला एक अरुंद खाच ठेवली आहे, त्यामुळे बादली खाली सोडताना व वर ओढताना झाकण मिटलेलेच राहते. बादली वर आली की दोर बाजूच्या खुंटीला गुंडाळायचा, एका हाताने बोल्टची मूठ ओढून त्याच वेळी झाकण उचलायचे आणि दुसऱ्या हाताने बादली घ्यायची. मूठ ओढणे आणि जड झाकण उचलणे या दोन्ही क्रिया एकदम कराव्या लागत असल्याने आमच्या चार वर्षांच्या नातवाने, जो घरातले सगळे डबे उघडतो, पुष्कळ खटपट करूनही ते उघडलेले नाही.

गैरसोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणी काढायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो आणि आमच्या कामवाल्या बाईंनी पहिले काही दिवस उघड नाराजी दाखवली. एकदा झाकणाला काठीचा टेकूही लावलेला सापडला, पण झाकण काटकोनापर्यंत जातच नसल्याने टेकू टिकत नाही, सरकतो. आपोआप पडणाऱ्या झाकणाचा एक खरा धोका मात्र असतो: बोटे चेंगरण्याचा. त्यासाठी चौकटीला रबराचे जाड ठोकळे लावून घ्यावेत. आमच्या मेस्ताने ते आधी लावले नव्हते. सांगितल्यावर लावले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. आमचा कठडा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याचा. हा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात भोक पाडून फुगणारे बोल्ट ठोकले की सुरुवातीला घट्ट वाटतात, पण बोल्ट फुगताना भोकाभोवतीचा दगडच भुगा होत जातो. हे गोव्यात काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवे होते, तरी त्याने बोल्टच ठोकले, आणि थोड्याच दिवसांत चौकट हाताने हलवली तर डुलू लागली. मग कठड्यावर चारही बाजूंनी काँक्रीटची पट्टी ओतून, तिच्यात चौकटीचे पाय गाडून घ्यावे लागले. ज्यांचा कठडा चिऱ्याचा आहे त्यांनी ही पट्टी सुरुवातीपासूनच कामात धरून घ्यावी. नंतर केली तर जाळी काढा-घाला करण्याची मजुरी दुप्पट पडते.

दुसरी तक्रार गंजाची. ठरताना "गॅल्व्हनाइझ्ड" असे स्पष्ट लिहून घेतले होते. प्रत्यक्षात वेल्डमेश गॅल्व्हनाइझ केलेला होता, पण तो चौकटीला वेल्ड केल्यावर प्रत्येक सांध्यापाशी जस्ताचा थर जळून गेला आणि त्यावर फक्त चंदेरी रंग फासला गेला. पहिल्याच पावसाळ्यात नेमक्या सांध्यांवर तांबूस ओघळ दिसू लागले. सांधे गंजले तर जाळीचा डोळ्यांना दिसणारा भाग चकचकीत राहतो आणि ती आतून कमजोर होत जाते, हे अशा कामात सर्वांत घातक. योग्य पद्धत अशी की आधी सगळे वेल्डिंग पूर्ण करायचे आणि मग तयार भाग वितळलेल्या जस्तात बुडवून काढायचा. त्यासाठी तो कारखान्यात पाठवावा लागतो, खर्च वाढतो, पण एकदाच वाढतो. ते शक्य नसेल तर निदान सांधे घासून त्यांवर जस्तयुक्त प्राइमरचे दोन हात द्यायला सांगावे आणि ते काम आपल्यासमोर करून घ्यावे. मांद्रे, मोरजी किंवा बाणावलीसारख्या समुद्राजवळच्या घरांसाठी बिजागऱ्या आणि बोल्ट तरी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नेहमी मिळणारे ३०४ खाऱ्या हवेत लवकर डागाळते. आपोआप बंद होणारे झाकण बिजागरी गंजून अडकले की आपोआप उघडेही राहते, म्हणून हा चोखंदळपणा केवळ दिसण्यासाठी नाही.

बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीतल्या मित्रमंडळींनी जाळी पाहून विचारलेला पहिला प्रश्न सांजांवचा, म्हणजे संत जॉनच्या सणाचा, होता. २४ जूनला त्यांच्याकडे डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, मग जाळीचे काय? दोन भागांची जाळी त्या दिवसासाठी उचलून ठेवता येते. मात्र ज्या दिवशी ती उचलायची, त्याच संध्याकाळी परत बसवायची, कारण तोपर्यंत पाणी वर आलेले असते आणि उत्सवानंतर सगळे थकलेले असतात. आमच्याकडे हीच गोष्ट चवथीला येते. मूळ घरी सगळे भाऊबंद जमतात, आमच्या वाड्यावर काही घरांचे विसर्जन विहिरीतच होते, आणि अर्धी जाळी त्यासाठी उघडावी लागते. घर माणसांनी भरलेले असताना मुलाकडे कोणीतरी बघत असेल असे प्रत्येकाला वाटते आणि नेमके कोणीच बघत नसते. म्हणून जाळी उघडी असेपर्यंत एका ठरावीक माणसाने, नाव घेऊन, विहिरीपाशी उभे राहावे असे आम्ही ठरवले आहे. गेल्या चवथीला ते काम माझ्या दिराकडे होते आणि आरती चुकल्याबद्दल ते अजूनही कुरकुरतात.

जमिनीखालच्या टाकीचे झाकण याच मेस्ताकडून केले. इथे त्याचे काम जास्त चांगले झाले, कारण इथली अडचण त्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत होती. टाकीवर आधी चेकर्ड प्लेटचे जड झाकण होते. जड झाकण सुरक्षित वाटते, पण ते उचलायला त्रास होतो म्हणूनच एकदा उचलले की लोक बाजूला ठेवून देतात. टँकरवाला पाइप आत सोडून जातो आणि तो पाइप तिथे असेपर्यंत झाकण लागू शकत नाही. मेस्ताने सुचवले की झाकणाखाली, तोंडाच्या कडेवरच, सळ्यांची दुसरी जाळी कायमची बसवावी आणि तिच्यात पाइप जाईल एवढेच भोक ठेवावे. ही कल्पना उत्तम आहे. आता टँकर येतो तेव्हा वरचे झाकण उघडते, पण खालची जाळी कुलपात असते. वरचे झाकणही आम्ही फायबरचे, हलके घेतले, आणि त्याच्या कडेला बारीक जाळी लावल्याने डासांचाही प्रश्न सुटला. डेंग्यूच्या पाहणीला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना दरवेळी टाकी उघडून दाखवावी लागते. आतली जाळी पाहून त्यांना अडचण होत नाही, टॉर्च मारला की पाणी दिसते. टाकी साफ करताना खालची जाळी काढावी लागेल, तेव्हा एक लक्षात ठेवावे: बंद टाकीत हवा खेळत नाही, प्राणवायू कमी झालेला असू शकतो, म्हणून कोणी एकट्याने घाईने आत उतरू नये. हा लहान मुलांचा मुद्दा नाही, पण अशा टाकीत गुदमरलेल्याला काढायला उतरलेली दुसरी व्यक्तीही गुदमरते, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

न्हाणीघराच्या बाबतीत विकत घेण्यासारखे फारसे काही नाही. पिंपे निळ्या रंगाची, कडी लावून आवळता येणाऱ्या झाकणाची घ्यावीत. नुसते वर ठेवायचे झाकण मूल सहज ढकलते. बादल्यांसाठी कुठलेच साधन नको. वापर झाला की पाणी ओतून बादली पालथी घालायची, एवढेच. नळाला दिवसातून ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या घरात हे सांगणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच भरलेले पाणी बादल्यांत न साठवता झाकणाच्या पिंपात साठवावे. रंगाचे रिकामे वीस लिटरचे डबे बादली म्हणून वापरण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ते उंच, अरुंद आणि भरल्यावर जड असतात, म्हणजे मूल आत उलटे पडले तर डबा कलंडतही नाही. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेने अशा मोठ्या बादल्यांविषयी अनेक वर्षांपूर्वीच इशारे दिलेले आहेत.

न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याएवढ्या उंचीवर, कडी लावावी, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबर आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दार फुगते, चौकटीत बसत नाही आणि कडीची भोके एकमेकांसमोर येत नाहीत. जून ते सप्टेंबर, म्हणजे जेव्हा कडीची सर्वाधिक गरज, तेव्हाच ती लागत नाही. आम्ही लाकडी दार काढून पीव्हीसीचे दार आणि त्याला स्प्रिंगची बिजागरी बसवली. दार आता दर वेळी आपोआप मिटते. जुने सागवानी दार गेल्याचे थोडे वाईट वाटते, पण ते कोठीच्या खोलीला लावले आहे.

ऑनलाइन वस्तूंविषयी मात्र फार बरे बोलता येणार नाही. मनगटाला बांधायचा पट्टा, जो पाण्यात बुडाला की घरातल्या यंत्रावर गजर वाजवतो, हा दिसायला फार आकर्षक प्रकार आहे. आम्ही तो भरलेल्या बादलीत बुडवून पाहिला, गजर वाजला. पण तो मुलाच्या हातावर असला तरच वाजतो. आमच्या नातीने तो दाताने ओढून काढला. घरातले यंत्र विजेवर चालते आणि वीज गेली की त्याची बॅटरी भरलेली आहे का हे पाहणे आपल्याकडे येते. आणि सर्वांत महत्त्वाचे, हा गजर मूल पाण्यात पडल्यानंतर वाजतो, आधी नाही. मंगळुरी कौलांवर जुलैचा पाऊस कोसळत असताना मधल्या खोलीत तो नीट ऐकूही आला नाही. याच्या तुलनेत मागच्या दाराला लावायचा साधा चुंबकाचा गजर, जो दार उघडताच टिंग असा आवाज करतो, कितीतरी स्वस्त आणि अधिक उपयोगी आहे, कारण मूल पाण्यापाशी पोहोचण्याआधी तो वाजतो. त्याचा दोष एकच: घरातली माणसे दिवसभर त्याच दाराने ये-जा करतात, आवाजाला कंटाळतात आणि बटण बंद करून ठेवतात. आमच्याकडे तो दुपारच्या झोपेच्या वेळेपुरता चालू असतो. विहिरीवर जाळी आहे म्हणून एवढे चालते. जाळी नसती तर त्यावर विसंबले नसते.

आंघोळीसाठी बसण्याची खुर्ची, जी तळाच्या चूषकांनी टबाला चिकटते, तीही आम्ही आणली होती. खडबडीत फरशीवर चूषक धरत नाहीत. गुळगुळीत टबात धरतात, पण मूल बाजूला झुकले की सुटतात, आणि मोठ्या माणसाला उगीच वाटते की मूल बसवून टॉवेल आणायला जाता येईल. ही वस्तू घेऊ नये. हवा भरायच्या ट्यूब, दंडाला लावायचे फुगे आणि बदकाच्या आकाराच्या कड्यांचेही तेच; त्यांच्यावरच बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे जीव वाचवण्याचे साधन नाही, आणि उत्पादकाचे एवढे तरी ऐकावे. हवा भरून अंगणात ठेवायचा छोटा तलाव मुलांना फार आवडतो. तो खेळून झाल्यावर लगेच उलटा करून ठेवावा, नाहीतर रात्रीच्या पावसाने सकाळी तो पुन्हा भरलेला असतो.

पुण्या-कोल्हापूरकडचे नातेवाईक हल्ली आसगाव-शिवोलीकडे तलावाचे बंगले भाड्याने घेतात, आणि मुलांना घेऊन आम्हालाही बोलावतात. त्यांनी नोंदणी करताना फोटोंत तलाव किती निळा आहे हे न पाहता एकच प्रश्न विचारावा: तलावाला घराच्या बाजूनेही कुंपण आहे का? बहुतेक ठिकाणी तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला बंगल्याची काचेची सरकती दारे असतात, म्हणजे मुलासाठी तलाव सर्वस्वी उघडाच. चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटणारे, उंचावर खिटी असलेले फाटक, एवढे असेल तर बंगला घ्यावा. नसेल तर लहान मुले बरोबर असताना दुसरा शोधावा. त्या सुट्टीत मोठ्यांपैकी कोणालाही निवांत बसता येत नाही, हे आम्ही पाहिलेले आहे.

एक खर्च असा केला ज्याचे सामान घरात येत नाही: मुलगा आणि सून दोघांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले. त्यात आमचा एक जुना समज मोडला. पाण्यातून काढलेल्या मुलाचे पोट दाबून किंवा त्याला उलटे धरून पाणी काढत बसायचे नाही, त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मूल श्वास घेत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला सुरुवात करायची, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. बुडालेल्याच्या बाबतीत श्वास देणे वगळून नुसती छाती दाबणे पुरेसे नसते, हे प्रशिक्षकांनी वारंवार सांगितले. वाचून हे जमत नाही. बाहुलीवर हात चालवून पाहावा लागतो.

खर्चाचे म्हणाल तर लोखंडी काम आमच्याकडे किलोच्या हिशेबाने झाले, आणि आधाराच्या सळ्यांमुळे वजन व पर्यायाने बिल वाढले. दर ठरवताना वेल्डिंगनंतरचे गॅल्व्हनाइझिंग, काँक्रीटची पट्टी, रबराचे ठोकळे, कुलपे आणि बसवण्याची मजुरी हे सगळे एकाच कागदावर लिहून घ्यावे. आमच्या मेस्ताने यांतले प्रत्येक "ते वेगळे" असे म्हणून नंतर लावले. त्याची हातोटी चांगली आहे, सांगितलेले समजते, झरोक्याचा अडसर आणि टाकीची आतली जाळी या दोन गोष्टींसाठी मी त्याचे नाव कोणालाही सुचवेन. वेळ पाळण्याच्या बाबतीत मात्र तो कच्चा आहे, आणि अर्धवट काम सोडून गेल्यावर विहीर कशी झाकलेली ठेवायची याचा विचार तो करत नाही. काढलेली जाळी पुन्हा बसेपर्यंत आम्हाला प्लायवूडचे तक्ते दोराने आवळून ठेवावे लागले. काम चतुर्थीच्या किंवा पावसाच्या तोंडावर देऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी खाली असते, चिरे कोरडे असतात, काँक्रीट नीट धरते आणि मेस्तही मोकळे असतात. आमच्या सांध्यांवरचा गंज घासून प्राइमर देण्याचे काम त्याने याच महिन्यात करून देण्याचे कबूल केले आहे, आणि बिलातली शेवटची रक्कम मी त्यासाठी राखून ठेवली आहे.